मोडी लिपी : स्वरूप आणि उपयोग

महाराष्ट्रातील शासकीय अभिलेखागारांत, देवस्थानांच्या दप्तरांत आणि जुन्या वतनदार घराण्यांच्या संग्रहांत आजही असंख्य कागद मोडी लिपीत आहेत. जमिनीचा हक्क, इनाम, वतन किंवा घराण्याची वंशावळ यांचा पुरावा त्यांत असू शकतो. परंतु वाचणारा नसेल, तर तो असून नसल्यासारखाच होय. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणकारांची निकड प्रकर्षाने जाणवली.

यादवांचा मंत्री हेमाडपंत याने मोडी प्रचारात आणली, असे परंपरा मानते. कारभारात लेखन त्वरेने व्हावे, हा तिचा मुख्य हेतू होय. बालबोधीत अक्षरे लिहून वर रेघ देतात. मोडीत कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ प्रथम ओढून तिच्याखाली अक्षरे लिहितात. बोरू शक्यतो न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जाता यावे, म्हणून अक्षरांना गोलाई व वळणे आली.

जे लिहिणाऱ्याच्या सोयीचे, ते वाचणाऱ्यास अवघड ठरते. मोडीत शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. शिवाय संक्षेप विपुल असतात. उदाहरणार्थ, तिथीपूर्वीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची तारीख. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन मिळतो. केवळ मुळाक्षरे ओळखून म्हणूनच भागत नाही. त्या काळच्या कारभाराची भाषाही अवगत असावी लागते.

मुद्रणाशी या लिपीचे फारसे जमले नाही. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे मोडी खिळ्यांनी छापला गेला. तथापि सुट्या खिळ्यांत हातची सलग धाव उतरविणे कठीण होते. छपाईत बालबोधी स्थिरावली आणि मोडी हस्तलेखनापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शालेय शिक्षणातूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्याने संगणकावर मोडी टंक वापरणे सुकर झाले. पाठ्यपुस्तके, सरावाचे तक्ते व नामफलक यांसाठी तो उपयुक्त आहे. मात्र टंकातील अक्षर नेहमी एकसारखे, तर दप्तरातील अक्षर कारकुनागणिक निराळे. टंक ही पहिली पायरी. पुढील सराव मूळ कागदांवरच व्हावयास हवा.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना मोडीत स्वतःचे व गावाचे नाव लिहावयास शिकवावे. गोडी तेथूनच लागते. पंचायत सदस्यांनी गावातील जुने कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्यांवर चिकटपट्टी लावू नये व प्लास्टिकचे आवरण चढवू नये. त्यांची छायाचित्रे घेऊन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी प्रशिक्षण वर्ग भरविले जातात. त्यांचा लाभ प्रत्येक तालुक्यातील एखाद-दुसऱ्या कर्मचाऱ्याने घेतला, तरी ग्रामस्थांची मोठी पायपीट वाचेल.