घरच्या घरी गाडीचं इंजिन काढताय? आधी हे वाचा



आजचा मेसेज पिकाचा नाही, पण घरातल्या माणसाच्या जिवाचा आहे. माल बाजारात नेणाऱ्या जुन्या जीप, पिकअप आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आहेत. इंजिन कामाला आलं की हंगाम नसताना घरीच उतरवायचं आणि फक्त इंजिन मिस्त्रीकडे न्यायचं, असं अनेक जण करतात. त्यात पैसे वाचतात, हे खरं. पण इंजिन उचलायचा हॉइस्ट घरी नसतो. मग लिंबाची फांदी, नाहीतर शेडचा अँगल.

मीही तेच केलं होतं. शेडच्या अँगलला चेन पुली अडकवली. अँगल तुटला नाही, नुसता वाकला. इंजिन चार-सहा इंच खाली आलं आणि माझं बोट चेंबर आणि क्रॉस मेंबरच्या मध्ये सापडलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर आज नाही. पुली चांगली होती, साखळी चांगली होती. चुकलं ते एवढंच, की *पुली कशाला टांगली आहे* याचा विचार केला नाही.

*१) वजन किती?*
जीप-पिकअपचं चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन साधारण २०० ते २५० किलो भरतं. म्हणजे पन्नास किलोची चार-पाच पोती. पोती एकेक करून उचलता येतात, इंजिन एकदमच उचलावं लागतं. चार गडी आणि एक बल्ली घेऊन हे काम करू नका.

*२) कशाला टांगायचं नाही*
👉 *झाडाची फांदी:* आतून वाळलेली, किडलेली फांदी बाहेरून कळत नाही. मोडताना ती सूचना देत नाही. बुंध्यापासून जितकं लांब टांगाल तितका ताण जास्त.
👉 *शेडचा अँगल, घराचं आढं:* ते पत्र्याचं वजन आणि वारा सोसायला असतं. एकाच जागी अडीच क्विंटल लटकवायला नाही.
👉 *विहिरीतली मोटार काढायची तिवई:* तिचे पाय भक्कम असतात, पण गाडीवर ती बसत नाही. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावे लागतात, नाहीतर फाकतात. ती साखळी गाडी सरकवताना चाकाखाली येते. साखळी सोडली तर पाय घसरतात.

*३) मग काय वापरायचं?*
दोन्ही बाजूंना ‘ए’ आकाराची एकेक घोडी आणि त्यांच्यावर आडवा बीम. गाडी मधून आत येते, तशीच मागे जाते. घोडीचे पाय दोन इंची बी क्लास (निळी पट्टी) पाइपाचे चालतात. प्रत्येक घोडीचे दोन्ही पाय खाली आडव्या पट्टीने जोडलेले हवेत. बीम आणि घोडी यांच्या कोपऱ्यात तिरका आधार हवाच, नाहीतर सगळा सांगाडा बाजूला कलतो.

⚠️ *आडवा बीम पाइपाचा नको.* जो दोन इंची पाइप उभा असताना सहज भार घेतो, तोच आठ फूट आडवा टाकून मध्ये वजन दिलं की वाकतो. बांबूचंही तसंच असतं. उभ्या बांबूवर मांडव पेलतो, आडव्या बांबूवर माणूस बसला तर तो लवतो. बीमसाठी चार इंची चॅनेल किंवा आय-बीम घ्या, आणि चार इंचाची बाजू उभी ठेवा.

घोडीचे पाय मातीत रुततात. खाली जाड फळ्या टाका. जमीन सपाट आणि कोरडी हवी.

*४) पुली आणि बेल्ट*
एक टनाची चेन पुली (चेन ब्लॉक) वापरा. साध्या कप्पीत हातातला दोर सुटला की वजन खाली येतं. चेन पुलीत ब्रेक असतो. साखळी सोडली तरी वजन जागेवर राहतं. हुकाची कुलुपपट्टी शाबूत आहे का ते पाहा.

नाडा, सोल, नायलॉनची दोरी नको. गाठ मारली की दोरीची ताकद निम्म्यापर्यंत उतरते आणि उन्हात पडलेली दोरी आधीच कमकुवत असते. लिफ्टिंगचा बेल्ट घ्या: जांभळा १ टन, हिरवा २ टन. धारेवर घासू नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. बेल्ट इंजिनच्या मूळ कड्यांनाच लावा. मॅनिफोल्ड, वॉटर पंप, टॅपेट कव्हर यांना कधीच नाही.

बेल्ट आखूड असले की कोन फाकतो आणि ताण वाढतो. इंजिन २०० किलोचं असेल तर प्रत्येक बेल्टवर येणारा ताण असा:
▪️ वरचा कोन ६० अंश: ११५ किलो
▪️ ९० अंश: १४१ किलो
▪️ १२० अंश: २०० किलो
सोपा हिशोब: दोन कड्यांमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढा लांब प्रत्येक बेल्ट. म्हणजे कोन ६० अंशांच्या आत राहतो.

*५) उचलायच्या आधी*
(हा क्रम उभ्या बसवलेल्या, मागची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी आहे. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनचं काम मिस्त्रीकडेच द्या.)
✅ चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.
✅ बॅटरीची आधी मायनस वायर काढा, मग प्लस.
✅ इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटर रिकामा करा. *कुलंट गोड लागतं, कुत्रं किंवा वासरू प्यायलं तर दगावतं.* ते झाकणाच्या कॅनमध्येच भरा. काळं ऑइल बांधावर ओतू नका.
✅ डिझेलच्या नळ्यांची तोंडं बंद करा. एसी असेल तर गॅसच्या नळ्या घरी खोलू नका.
✅ प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, चिकटपट्टीवर नंबर घाला.
✅ खालचे बोल्ट काढायला गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, चासीखाली घोडे लावा. बोल्ट निघाले की उचलायच्या आधी ते काढून घ्या.
✅ गिअरबॉक्सखालून जाड साखळी घालून ती चासीला बांधा. इंजिन निघाल्यावर गिअरबॉक्सचं तोंड खाली पडतं.

*६) उचलताना*
तीन माणसं हवीत: एक साखळीवर, एक इंजिन सावरायला, एक नुसता बघायला. कोणीही “थांब” म्हटलं की सगळं थांबलं पाहिजे. पोरं आणि जनावरं लांब.

आधी साखळी ताणून घ्या, मगच फाउंडेशनचे बोल्ट काढा. इंजिन सरळ पुढे ओढून क्लचच्या शाफ्टमधून सोडवा. तिरकं ओढलं तर क्लच प्लेट आणि शाफ्ट खराब होतात.

*दोन इंच उचला आणि पाच मिनिटं थांबा.* फळ्या दबल्या का? बीम लवला का? वायर राहिली का? साखळी अचानक जड लागली तर जोर लावू नका, काहीतरी अडकलेलं असतं. वजन निघालं की गाडीचं नाक वर येतं, तेही लक्षात ठेवा.

इंजिन वळवायला हात नको, तीन फुटांची काठी किंवा दोरी वापरा. खाली कुणाचंही अंग नको, बोटसुद्धा नको.

इंजिन गाडीच्या वर मोकळं झालं की *घोडी हलवू नका, गाडी मागे घ्या.* तेव्हाच दगड काढा. एक जण स्टिअरिंगवर, हात हँडब्रेकवर. गाडी बाहेर निघाली की लगेच इंजिन जुन्या टायरवर उतरवा. जेवायला जाताना किंवा रात्रभर ते लटकत ठेवू नका.

*७) थांबायचं कधी?*
माणसं दोनच असतील, अंधार पडत असेल, पाऊस आला असेल किंवा दोन इंचांवर काहीही कुरकुरलं, तर इंजिन परत खाली बसवा. काम उद्या होईल.

आपल्या कंपनीच्या अवजार बँकेत घोडी, बीम, चेन पुली आणि बेल्ट असा पूर्ण संच आहे. दोन दिवस आधी सांगा. बसवायला येतो मी स्वतः. गाडीचं काम कुणाचंही असो, बोटं सगळ्यांची सारखीच आहेत.

हा मेसेज ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांना नक्की पाठवा. 🙏