शेवटच्या नळाचे पाणी

गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडली म्हणजे वस्तीच्या नळाला शुद्ध पाणी आले, असे धरून चालू नका. टाकी आणि आपला हंडा यांच्यामध्ये पाइपलाइन आहे, आणि बऱ्याच गावांत आपली वस्ती त्या पाइपलाइनच्या शेवटाला आहे. ती तिथे का आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्याचा आपल्या पोटाशी काय संबंध आहे, तेवढे या पानावर पाहू.

नळाला पाणी तासभर येते, कुठे दिवसाआड येते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. जोड ढिला असेल, पाइपला चीर असेल आणि नेमके तिथेच गटाराचे पाणी साचले असेल, तर ते आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या हंड्यात तेच येते. कोणी नळालाच मोटार लावत असेल तर ही ओढ आणखी वाढते. इकडे टाकीत घातलेले क्लोरीन वाटेतल्या गाळात आणि शेवाळात खर्च होत जाते. त्यामुळे टाकीजवळच्या घरी क्लोरीन सापडते आणि आपल्या नळाला सापडत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही पाणी सारखेच नितळ दिसते.

म्हणून ओटी टेस्ट शिकून घ्या. अवघड काही नाही. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, पेटीवर लिहिले असतील तितके ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग पाहायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर नाही. दहा मिनिटांनी हळूहळू चढलेला पिवळेपणा धरू नका, जंतू मारायला लागणारे मोकळे क्लोरीन ते नव्हे. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. पेटीतल्या रंगपट्टीशी ताडून ते कळते. ओटी द्रावण विषारी आहे. नळीतले पाणी मोरीत ओतायचे, हात साबणाने धुवायचे आणि बाटली पोरांच्या हाती लागू द्यायची नाही.

आम्ही एका गावात गेलो तेव्हा जलसुरक्षकाची वही पाहिली. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या आणि प्रत्येक रकान्यात ‘आहे’. तपासणी कुठे करता, असे विचारले तर उत्तर मिळाले, कार्यालयाच्या नळाला. तो नळ टाकीच्या पायथ्याशी होता. वस्तीच्या टोकाच्या नळाला आम्ही सलग तीन सकाळी नळी धरली, तिन्ही वेळा पाणी पांढरेच राहिले. त्या महिन्यात वस्तीत पोरांना जुलाब चालू होते आणि सात महिन्यांची एक गरोदर सून कावीळ होऊन तालुक्याला भरती होती. त्या गावाकडे हिरवे कार्ड होते.

ही कार्डे पावसाळ्याआधी आणि नंतर, एप्रिल व ऑक्टोबरमधल्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला देतात. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. पण कार्ड अख्ख्या गावाला मिळते, नळागणिक मिळत नाही.

वस्तीतल्या बायकांनी तारीख, वेळ आणि नळीचा रंग लिहून अर्ज दिला, त्याची पोच घेतली. मग शोध घेतला तर गटारात बुडालेला एक जोड सापडला. तो बदलला, शेवटच्या व्हॉल्व्हमधून गाळ सोडून दिला, पावडरचे माप वाढवले. चौथ्या दिवशी नळीत फिकट पिवळा आला. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पंचायतीची पावडर संपलेली होती! बायकांनी पुन्हा अर्ज दिला.

पावडरचा हिशेब माहीत असू द्या. १००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पण हे माप ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरचे. गोणी उघडी राहिली, ओल लागली की क्लोरीन उडून जाते. पावडर २० टक्क्यांवर आली तर त्याच टाकीला ८० ग्रॅमच्या वर लागेल, आणि त्याहून उतरलेली पावडर वापरण्यालायकच नाही. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. त्यानंतर अर्धा तास पाणी सोडायचे नाही. ‘टाकली की पावडर’ म्हणून तिथल्या तिथे व्हॉल्व्ह उघडणारे आम्ही पाहिले आहेत.

शुद्धीकरण हा शब्द आपल्याला नवा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांसोबत आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. नर्स म्हणून सांगायचे तर त्याने जंतू वाढलेच असतील.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात आणि दुर्बल घटकांचे प्रतिनिधीही घ्यावे लागतात. आपल्या वस्तीतून कोणाचे नाव कागदावर आहे आणि त्या बाईला बैठकीची नोटीस मिळते का, ते विचारा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढेच मागा, की ओटी टेस्ट रोज वस्तीच्या शेवटच्या नळाला व्हावी आणि वहीत त्या नळाचे ठिकाण लिहावे. प्रयोगशाळेला जाणारा नमुनाही तिथूनच घ्यायला लावा. नमुन्याची निर्जंतुक बाटली आतून विसळायची नाही, तिच्यात क्लोरीन मारणारे औषध असते. अहवालात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये.

नळीत पिवळा दिसेपर्यंत पिण्याचे पाणी गाळून खळखळ उकळा. सरपण, गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर बाटलीवरच्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. हंड्यात हात बुडवू नका, दांड्याचे ओगराळे ठेवा. जुलाब लागले तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पूर्ण पाकीट, आणि लहान मुलांना आशाताईकडून झिंकच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर माळ घालण्यात, नाकात थेंब सोडण्यात एक दिवसही घालवू नका. दूषित पाण्याची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायकांना पाणी तपासणी शिकवून पेटी द्यायची आहे. तुमच्या गावची पेटी कोणाकडे आहे, ते विचारा. कपाटात बंद असेल तर बाहेर काढायला लावा, आणि द्रावणाच्या बाटलीवरची मुदत आधी वाचा.