प्रमाणपत्र खरं, मूर्ती खोटी

लंडनच्या त्या विक्रेत्याला मी पैसे देण्याआधीच विचारलं होतं, मूर्ती आली कुठून? ‘युरोपातला जुना खासगी संग्रह, १९७० पूर्वीचा.’ मालक कोण? ‘ते सांगता येणार नाही.’ आणि लगेच, माती कधी भाजली ते सांगणाऱ्या थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. तुर्कस्तानातल्या हाजिलारची, बसलेल्या स्त्रीची तळहाताएवढी मातीची मूर्ती, म्हणे आठ हजार वर्षांपूर्वीची.

प्रमाणपत्रात लिहिलं होतं, नमुना मांडीखालून ड्रिलने काढला. घरी मूर्ती उलटी करून भिंगाखाली धरली. मांडीखालची माती सलग, गुळगुळीत. भोक नाही, बुजवल्याची खूणही नाही. कागद खरा होता, पण दुसऱ्याच मूर्तीचा! फोन केला तर म्हणाला, ‘भोक बुजवलं असेल.’ असेल? विकणाऱ्याला माहीत नको? मी पदरचे पैसे घालून चाचणी करून घेतली. माती अलीकडेच भाजलेली. त्यावर हा गृहस्थ म्हणतो, पैसे मिळणार नाहीत, बदल्यात संगमरवरी मूर्ती घ्या. ही चाचणी भाजलेल्या मातीची, संगमरवराला तिचा उपयोग नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

हाजिलारच्या नावाने चालणारी लबाडी जुनी आहे. १९७१ मध्ये ऑक्सफर्डला या शैलीच्या ६६ वस्तू तपासल्या, त्यांतल्या ४८ बनावट निघाल्या. नामांकित संग्रहालयंही फसली होती. तेव्हा मला ‘पारख नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

प्रमाणपत्रावर तुमच्याच मूर्तीचा फोटो हवा, आणि लिहिलंय तिथेच भोक सापडायला हवं. नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच काढावा. विक्रेत्याने पाठवलेली पुडी चालवून घेऊ नका. डोकं आणि धड, दोन्हींचा नमुना घ्यायला लावा, कारण जुन्या धडावर नवं डोकं बसवतात. घाई करू नका, पुस्तकं वाचा, अंकाराच्या संग्रहालयातल्या अस्सल मूर्ती नजरेखालून घाला. मूर्ती अस्सल निघाली तरी प्रश्न उरतोच. १९०६ च्या उस्मानी कायद्यापासून तुर्कस्तानच्या जमिनीतली पुरावस्तू सरकारची. देशाबाहेर कधी, कशी आली याचा जुना कागद नसेल, तर हात लावू नका. संगमरवरी असेल तर कागद आणखी कडक तपासा.

परताव्याची हमी लेखी घ्या, मुदतीसकट, आणि त्यात ‘पैसे परत’ हे शब्द आहेत ना ते पाहा. माझ्या पावतीवर नुसतं ‘समाधानाची खात्री’ होतं. त्याच्याच जोरावर तो अजून मला संगमरवराचे फोटो पाठवतो आहे.