संमती कोणाची? जबलपूर खटला ते विदा संरक्षण

संकेतस्थळावरील हालचालींची नोंद ठेवण्यासाठी वापरकर्त्याची मान्यता मागितली जाते. ‘मान्य आहे’ ही कळ माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिनिधीने दाबली, तर ती संमती कोणाची मानायची?

प्रश्न तांत्रिक भासला, तरी मुळाशी तो हक्काचा आहे. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने दिला. भिन्न मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला व जबलपूरचा निर्णय रद्द केला. त्यांतील न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र, हे परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ६ प्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध हवी. वाद उद्भवल्यास सूचना दिली होती आणि संमती मिळाली होती, हे विदा वापरणाऱ्या संस्थेनेच सिद्ध करायचे आहे. म्हणूनच प्रतिनिधीने कोणती सूचना, कोणत्या हेतूसाठी, केव्हा आणि कोणाच्या आदेशाने स्वीकारली, याची नोंद महत्त्वाची ठरते. मात्र ती सूचना माणसाने पाहिलीच नसेल, तर ‘माहितीपूर्ण’ ही अट नोंदीनेही पूर्ण होत नाही.