भूजलाची वाट आणि त्याचे दूषण

जमिनीखाली नद्या वाहतात, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः भूजल बहुतांशी खडकांतील सूक्ष्म छिद्रांत व भेगांत साठलेले असते आणि उंच पातळीकडून सखल पातळीकडे संथपणे झिरपत जाते. १८५६ साली हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूवर प्रयोग करून या प्रवाहाचा नियम मांडला : पातळीचा उतार जितका तीव्र व थर जितका पारगम्य, तितका प्रवाह अधिक.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. वर माती व मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि त्याखाली कठीण कातळ, असा क्रम येथे बहुधा आढळतो. मातीतून जाताना पाणी काही अंशी गाळले जाते. भेगांतून ते न गाळताच पुढे सरकते. म्हणून मातीचा थर पातळ असेल तेथे शोषखड्ड्यातील घाण विहिरीपर्यंत सहज पोहोचते.

मैल्यातून पाण्यात रोगजंतू येतात. मैला, उकिरडा आणि युरियासारखी खते यांतून नायट्रेट येते. ते मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर खोल उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा होय. त्याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी दुधाच्या भुकटीत कालवून पाजल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. फ्लोराइड मात्र खडकातूनच विरघळते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत त्यामुळे दात व हाडे यांचे विकार उद्भवले आहेत.

टीसीएल पावडरीने किंवा उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. उलट, उकळताना पाणी आटते व त्यांचे प्रमाण वाढते. या दोहोंना रंग नाही, वासही नाही. नितळ पाणी निर्दोष असेलच, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

विहीर वरच्या अंगाला व शौचालय खालच्या अंगाला असावे, हा नियम योग्यच आहे. परंतु तो पुरेसा नाही. मोठा उपसा सुरू झाला की विहिरीभोवतालची पातळी खाली जाते आणि खालच्या अंगाचे पाणीही तिच्याकडे ओढले जाते. यास्तव दोहोंत पुरेसे अंतर राखावे, विहिरीला कठडा बांधावा, बोअरच्या केसिंगभोवतीची फट सिमेंटने बुजवावी आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. भूजलाची गती मंद असल्याने एकदा दूषित झालेला साठा शुद्ध होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. त्या मानाने वर्षातून दोन वेळा बाटलीभर पाणी तपासणीस नेण्याचे श्रम अल्पच होत.