साथ आणि जाणत्यांचे मंडळ

कल्याण जंक्शन तुम्हांला ठाऊक आहे. इथून एक रूळ नाशिककडे जातो, दुसरा पुण्याकडे. १८९७ साली मुंबईहून आलेली आगगाडी इथे थांबवीत. उतारूंना खाली उतरवीत. डॉक्टर एकेकाला तपासत. अंग तापले आहे का? काखेत, जांघेत गाठ आहे का? संशय आला की त्या माणसाचा प्रवास तिथेच संपला. त्याला छावणीत नेत. घरच्यांच्या काळजाचे पाणी पाणी होई.

हे कशासाठी? मुंबईत प्लेग आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. आज त्यावर औषध आहे. वेळेवर मिळाले तर रोगी वाचतो. तेव्हा तसे औषध नव्हते. गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसे दगावत.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा केला. अंमलदार घरात शिरू लागले. भिंती औषधाच्या पाण्याने धुतल्या. ऊन यावे म्हणून कौले काढली. सामान जाळले. पुण्यात तर गोरे शिपाई घरे झडू लागले. लोक इतके चिडले की २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेगचा अंमलदार रँड याच्यावर गोळी झाडली. इकडे लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर लपवले, धान्याच्या कणगीमागे लपवले.

आणि एवढे करून साथ हटली का? नाही हटली. कारण रोग येतो कुठून, हेच कोणाला नीट माहीत नव्हते!

मग सरकारने जाणत्या माणसांचे मंडळ नेमले. त्याला तज्ज्ञ मंडळ किंवा कमिशन म्हणतात. ही गोष्ट १८९८ ची. मंडळात पाच जण होते, पाचही साहेब. अध्यक्ष होते एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर. त्यांनी गावोगावी फिरून पुष्कळ साक्षी घेतल्या. पण एक गोष्ट त्यांनी हातची घालवली. त्याच साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सांगितले होते की, प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. मंडळाने ते मनावर घेतले नाही. पिसवांचा विचार करण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत पडले. शिकली-सवरली माणसेसुद्धा अशी चुकतात.

आता गंमत बघा. खेड्यातल्या माणसाला यातले अर्धे आधीच कळले होते. घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की लोक म्हणत, ‘उंदीर पडला, चला आता.’ मग बिऱ्हाड उचलून माळावर झोपड्या घालून राहत. प्लेगच्या साली गाव ओस पडल्याच्या गोष्टी तुम्हीही म्हाताऱ्यांकडून ऐकल्या असतील. उंदीर आणि रोग यांचा संबंध त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तो संबंध कसा जुळतो, एवढेच कळायचे राहिले होते.

ते काम दुसऱ्या मंडळाने केले. १९०५ साली विलायतेत एक सल्लागार मंडळ बसले. त्यात भारतमंत्र्यांची कचेरी, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट, अशा तिघांची माणसे होती. मंडळ विलायतेत, पण कामाची माणसे मुंबईत, परळला. ज्या जागेला आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात तीच ही जागा. कॅप्टन लिस्टन हा डॉक्टर इथे आधीपासूनच पिसवांच्या मागावर होता.

या मंडळींनी नुसती मते मांडली नाहीत. त्यांनी छोट्या खोल्या बांधल्या. गिनीपिग नावाचा सशासारखा लहान प्राणी असतो. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत त्यांनी गिनीपिगचे दोन पिंजरे टांगले. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. हवा तीच, खोली तीच. खालच्या पिंजऱ्यातला प्राणी प्लेगने मेला. वरचा धडधाकट राहिला! का? पिसू चार इंच उडी मारते, दोन फूट नाही. हवेतून रोग आला असता तर वरचाही मेला असता.

मग प्लेग झालेल्या घरांत पिंजरे ठेवून पाहिले. काही पिंजऱ्यांना इतकी बारीक जाळी लावली की वारा आत जाई, पण पिसू जाऊ शकत नसे. त्या जाळीतले प्राणी वाचले.

उलगडा झाला. उंदीर मरतो, त्याचे अंग थंड पडते. पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. कधी ते अंग माणसाचे असते. म्हणजे भिंती धुऊन भागणारे नव्हते. उंदीर पडला की घर सोडावे, धान्य नीट झाकावे, लस टोचून घ्यावी. माळावर जाणारा शेतकरी बरोबरच वागत होता.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. बरे, नवी घ्या. २०२० साली करोना आला. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे इस्पितळे भरली. राज्याने एप्रिल २०२० मध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली डॉक्टरांचे मंडळ नेमले. दिल्लीतही तज्ज्ञ बसले होते. तेव्हा कोणी म्हणाले, बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा द्या. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. झाले! घरोघरची माणसे प्लाझ्मा शोधत रात्ररात्र धावली.

तिकडे तज्ज्ञांनी पिंजऱ्यासारखीच तुलना केली. देशातल्या ३९ इस्पितळांत ४६४ रोगी घेतले. सुमारे निम्म्यांना प्लाझ्मा दिला, निम्म्यांना नाही. बाकी औषधपाणी सारखेच. प्लाझ्मा मिळालेल्यांत मरणारे काही कमी झाले नाहीत. पुढे मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. धावलेल्या माणसांना राग आला. ‘आधी एक सांगता, मग दुसरे!’ राग खोटा नव्हता. हा निकाल २०२० मध्येच हाती आला होता, मग यादी बदलायला एवढे दिवस का लागले, असे मलाही वाटते. पण मत बदलले हे चांगलेच झाले. फ्रेझरसाहेबांच्या मंडळाने बदलले नव्हते.

एक लक्षात ठेवा. मंडळ हुकूम काढत नाही. ते सल्ला देते. हुकूम सरकार काढते, नगरपालिका काढते. आणि मंडळाला पहिली बातमी कोण देते? तुम्ही-आम्ही.

बीड जिल्ह्यात मामला नावाचे गाव आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी घाबरून घरे सोडली. धान्य घरातच राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये गावकऱ्यांनी सांगितले की उंदीर मरत आहेत, पिसवा फार झाल्या आहेत. त्यानंतर माणसांना गाठी आल्या. पुढे डॉ. रामलिंगस्वामी यांच्या तज्ज्ञ समितीने नमुने तपासून हा प्लेगच आहे असे सांगितले. पण पहिली खूण गावाने दिली होती.

तेव्हा घरात, गोठ्यात एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हाताने उचलू नका. पोराबाळांना दूर ठेवा. त्याच दिवशी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात कळवा. किती मेले, कुठे मेले, कधीपासून, हे सांगा. आता लिहिता येते, तर कागदावर लिहूनच द्या.