वर्गातील वादविवाद : कसा योजावा, कसा चालवावा



स्नेहसंमेलनाच्या सुमारास शाळाशाळांतून वादविवादाचे कार्यक्रम होतात. बहुधा तीच चार-दोन मुले व्यासपीठावर बोलतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. आपल्या घरची मुले पुष्कळदा टाळ्या वाजवणाऱ्यांत असतात. ज्या घरातली पहिलीच पिढी शाळेत जाते, त्या घरात चारचौघांसमोर कसे बोलावे हे सांगणारे कोणी नसते. म्हणून हा पाठ मुलांइतकाच आई-वडिलांसाठीही आहे.

वादविवाद आणि भांडण यांत फरक काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो फार चांगला सांगितला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांशी चर्चा करू इच्छितो. नागसेन अट घालतात की पंडितांसारखा वाद करणार असाल तर बोलेन, राजासारखा करणार असाल तर बोलणार नाही. पंडितांच्या वादात एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक दाखवली तर ती मान्य होते, आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात मात्र विरोध करणाऱ्याला दंड होतो. राजाने अट मान्य केली. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय याच प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाने ओळखले जाते. वर्गातला वादविवाद याच अटीवर चालला पाहिजे.

१. विषय. विषय एका वाक्याच्या ठरावात मांडावा आणि त्याला दोन्ही बाजू असाव्यात. "पाणी हे जीवन आहे" हा वादाचा विषय नव्हे, कारण त्याला विरोध कोण करणार? आपल्या जिल्ह्यातला विषय घ्या : "गोसीखुर्द धरणाने जिल्ह्याचे हितच अधिक झाले." पवनी तालुक्यात वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. सिंचनाचा लाभ एका बाजूला आहे आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतील बुडीत गावांचे विस्थापन दुसऱ्या बाजूला. दोन्हींसाठी पुरावा गावातच मिळतो.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. "आरक्षण असावे की नसावे" हा विषय शाळांतून सहज दिला जातो. आठवीच्या वर्गात त्याचा अर्थ एवढाच होतो की पाच-सात मुले बाकावर बसून राहतात आणि ती तेथे बसण्यास पात्र आहेत की नाहीत, यावर इतर बोलतात. धोरणावर वाद जरूर व्हावा, आणि महाविद्यालयात आकडेवारी हाती घेऊन याही धोरणावर व्हावा. परंतु वर्गातल्या मुलाची लायकी हा ठराव होऊ शकत नाही. असा विषय आला तर पालकांनी दोघे-तिघे मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि शांतपणे दुसरा विषय सुचवावा. जाताना दोन-तीन विषय लिहून न्यावेत.

२. बाजू. अनुकूल तीन आणि प्रतिकूल तीन असे सहा वक्ते निवडावेत. त्यांत मुली असाव्यात. कोणती बाजू कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. "माझ्या मुलाला आमच्या मताविरुद्ध का बोलायला लावले?" अशी तक्रार काही पालक करतात. त्यांना माझे सांगणे असे की दुसऱ्याची बाजू तिच्या सगळ्या बळानिशी मांडता आली, म्हणजेच आपली बाजू खरी कळली. मात्र ज्या मुलाचे घरच धरणात गेले, त्याला धरणाच्या बाजूने बोलायला भाग पाडू नये. त्याला चिठ्ठी बदलून द्यावी.

३. तयारी. दहा दिवस द्यावेत. प्रत्येक वक्त्याने तीनच मुद्दे काढावेत आणि प्रत्येक मुद्द्याखाली त्याचा आधार लिहावा : आकडा कोठून आला, कोणी सांगितले, केव्हाचे आहे. भाषण दुसऱ्याने लिहून देऊ नये आणि मुलाने ते पाठ करू नये. घरी वडिलांना वाचता येत नसेल तरी चालेल. त्यांनी समोर बसून ऐकावे आणि जे समजले नाही ते विचारावे. त्याहून चांगली तालीम नाही.

४. वेळ. पस्तीस मिनिटांचा तास पुरतो. सहा वक्त्यांना प्रत्येकी तीन मिनिटे, एकूण अठरा. वर्गाच्या प्रश्नांना सहा. दोन्ही बाजूंच्या समारोपाला दोन-दोन, म्हणजे चार. उरलेली सात मिनिटे अध्यक्षांचे प्रास्ताविक आणि निकाल यांसाठी. वक्ते आळीपाळीने बोलतील, आरंभ अनुकूल बाजूचा. समारोप आधी प्रतिकूल, नंतर अनुकूल. त्यात नवा मुद्दा काढता येणार नाही. अध्यक्ष विद्यार्थीच असावा. एकाने घड्याळ पाहून अडीच मिनिटांना एक व तीन मिनिटांना दोन घंटा द्याव्यात. घंटा झाली की सरपंचाच्या मुलानेही थांबायचे.

५. खंडन. आधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत सांगावा, मग खोडावा. व्यक्ती, जात, घर, कपडे यांवर शब्द गेला तर अध्यक्षांनी तेथेच थांबवावे. समोरच्याचे पटले तर तसे म्हणण्यात कमीपणा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांवर कठोर टीका केली. अनेक सभासदांनी त्यांना सडकून विरोध केला. पुढे २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयी दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम.

६. भाषा. आपली मुले घरी झाडीबोली बोलतात. 'पाणी'ला 'पानी' म्हटले की वर्गात हशा पिकतो, आणि ते मूल पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. शिक्षकांनी हसू थांबवावे आणि उच्चारासाठी गुण कापू नयेत. प्रमाण मराठी सवयीने येते, पण एकदा गेलेला धीर परत येणे कठीण असते.

७. निकाल. चाळीस गुण ठेवावेत : मांडणी दहा, आधार दहा, खंडन दहा, भाषेची स्पष्टता पाच, वेळ व शिस्त पाच. परीक्षकांनी स्वतःच्या मताची बाजू जिंकवू नये. प्रत्येक वक्त्याला एक गुण आणि एक उणीव सांगावी.

हरलेले मूल घरी रडत आले तर त्याला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगा. १९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते राज्यसभेत देशाच्या परराष्ट्र धोरणावर बोलत होते.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच एक छोटा वादविवाद घेऊन पाहा. घड्याळ, घंटा आणि चिठ्ठ्या एवढेच साहित्य लागते. प्रथम त्या मुलांना उभे करा, जी आजवर कधी बोललेली नाहीत.